सुरी कुठे लावायची

दिघीच्या जेट्टीवर मी कामाला लागलो त्या दिवशी जाधवताईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या अंगावरच्या तीन वस्तू ताब्यात घेतल्या. पट्ट्याला लटकणारा चाव्यांचा जुडगा, खिशातून बाहेर डोकावणारी इअरफोनची वायर आणि गळ्यातलं ओळखपत्र. चाव्या त्यांनी माझ्याच खिशात कोंबल्या, वायर गुंडाळून दुसऱ्या खिशात सरकवली, आणि बांगडीत अडकवलेल्या चार सेफ्टी पिनांपैकी एक काढून ओळखपत्र शर्टाला टाचून टाकलं. मग दोन पावलं मागे सरून, लग्नाला निघालेल्या नवरीला बघावं तसं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लोंबणारं काय ठेवायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आता सांग. नाव काय तुझं?"

अशी ही बाई. पंचेचाळिशीची, ठेंगणी, साडीचा पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की वादळात सुटणार नाही. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तर हात थांबत नाहीये, कारण मी आयुष्यात हुशार माणसं पुष्कळ बघितली, पण वस्तू जागेवर असण्याचा इतका आनंद होणारं माणूस हे एकच.

आमची कंपनी छोटी, पाण्याखालची कामं करणारी. जहाजाच्या पंख्यात गुंतलेली जाळी सोडवायची, जेट्टीचे खांब चाचपून तडे शोधायचे, हरवलेले नांगर काढायचे. आठ डायव्हर, एक मॅनेजर राऊत साहेब, सामानाच्या खोलीत जाधवताई आणि दोरीवर मी. दोरीवर म्हणजे डायव्हर खाली गेला की त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका आला की समजायचं, ठीक आहे. दोन आले की दोरी सैल सोडायची. चार आले की प्रश्न विचारत बसायचं नाही, वर ओढायचं.

स्कूबा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी आणि पिवळे मासे येतात. आमच्या खाडीचं पाणी म्हणजे दूध कमी पडलेला चहा. वरचे दोन हात उजेड, त्याखाली मिट्ट काळोख. स्वतःचा हात काचेला लावला तरी दिसत नाही. तिथे डोळ्यांचा उपयोग शून्य, जे काय आहे ते बोटांचं. म्हणून पाठीवर सिलिंडर घेऊन माणूस जे फुगवायचं जॅकेट घालतो, त्या जॅकेटवर आणि अंगावर कुठली वस्तू कुठे अडकवलीय यावर सगळं अवलंबून. टॉर्च, शिटी, हवा किती उरली ते सांगणारं गेज, सोबत्याला द्यायची श्वासाची दुसरी नळी, आणि जाळं कापायची सुरी. पाच वस्तू. वर जमिनीवर शेंबड्या पोरालाही सापडतील. खाली गेल्यावर भल्याभल्यांना सापडत नाहीत.

जाधवताई मूळच्या तळा गावाकडच्या. समुद्राशी संबंध फक्त सुक्या बोंबलापुरता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दहा वर्षं शाळेची दप्तरं शिवत होत्या. तो कारखाना बंद पडला आणि कुणाच्या तरी ओळखीने त्या आमच्याकडे आल्या, जॅकेटचे फाटलेले पट्टे शिवायला, फक्त आठ दिवसांसाठी. नजीरभाई सांगायचे ती हकीकत. नजीरभाई म्हणजे आमचे सगळ्यात जुने डायव्हर, तिथलेच, दिघीचे.

"पट्टे शिवून झाले दोन दिसांत," नजीरभाई सांगायचे. "मग ही बाई माझ्या जॅकेटकडे अशी बघत बसली, जसं काय कुणी मय्यत झालंय. म्हटलं, काय झालं ताई? तर म्हणते, हे दप्तर असतं तर मी पोराच्या आईला बोलावून घेतलं असतं."

माझ्या वेळेपर्यंत त्या आठ दिवसांची सहा वर्षं झाली होती. आठवडाभर दिघीत खोली, शनिवारी एसटीने तळ्याला घरी.

सामानाच्या खोलीत त्यांचं राज्य होतं. भिंतीवर आठ खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक जॅकेट, आणि जॅकेटची तोंडं सगळी एकाच दिशेला. प्रत्येक वस्तूला एक पितळी हूक, अंगठ्याने दट्ट्या मागे ओढला की उघडणारा. पण तो हूक वस्तूला बांधायचा दोऱ्याने. तारेने किंवा कडीने बांधलेला त्यांना खपत नसे. "हूक गंजला, अडकला, तर दोरा कापता येतो. कडी कशाने कापशील? दाताने?" दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर जाळून, ओल्या बोटांनी दाबून त्या असं गुळगुळीत करत की गाठ कुठे संपली ते कळत नसे. आणि झाल्यावर गाठीकडे बघून हसत. खरंच हसत. मी कितीतरी वेळा चोरून बघितलंय.

त्यांची परीक्षा हा सगळ्यांना धास्ती वाटणारा प्रकार होता. कामावर निघालेल्या डायव्हरला त्या बाकावर बसवायच्या, तोंडावर ओला टॉवेल टाकायच्या, आणि सुरू. "गेज. शिटी. दुसरी नळी. टॉर्च. शिटी. शिटी म्हटलं मी, टॉर्च न्हाय." हात चाचपडला की माणूस परत पहिल्यापासून. एकदा राऊत साहेब पाहुण्यांना खोली दाखवायला आले आणि कौतुकाने म्हणाले, "आमच्या ताई फार शिस्तीच्या." ताईंनी साहेबांनाच बाकावर बसवलं. साहेब पाचपैकी दोनात पास झाले आणि पुढे महिनाभर त्या खोलीच्या दारावरून जाताना मोबाईल कानाला लावून जायचे.

खोलीबाहेरही सुटका नसे. फेरीबोटीच्या रांगेत पुढच्या स्कूटरवरच्या पोरीची ओढणी चाकाकडे झुकली की ताई पिशवी माझ्या हातात देऊन धावायच्या. त्यांच्या वस्तीत जयंतीची मिरवणूक निघायची, तेव्हा त्या सकाळपासून पिनांचा डबा घेऊन दाराशी उभ्या. एकाचाही निळा रुमाल वाऱ्यावर उडालेला त्यांना चालत नसे. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक, शांत गृहस्थ. मी एकदा घरी गेलो होतो तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या घरात अंधारात काडेपेटी मागितली तर आंधळासुद्धा आणून देईल. फक्त मी तेवढा चुकतो."

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर ती चैत्रातली सकाळ आली.

नजीरभाई एका मालवाहू बोटीच्या पंख्यात अडकलेलं जाळं काढायला गेले होते. दोरी माझ्या हातात. वीसेक मिनिटं झाली आणि चार हिसके आले. मग परत चार. मी ओढलं तर दोरी जागची हलेना. बाजूला तयार बसलेला दुसरा डायव्हर उडी मारून गेला आणि दोघं वर येईपर्यंत मी काय काय नवस बोललो ते आता सांगायची लाज वाटते. नजीरभाई वर आले तेव्हा ओठ निळे, आणि कमरेपासून खाली सगळं जाळं गुंडाळलेलं. गेजचा काटा लाल रेषेच्या खाली.

सुरी त्यांच्याजवळ होती. पोटरीला बांधलेली, पुस्तकातल्या चित्रात असते तशी. सगळे डायव्हर तिथेच मागायचे आणि ताईंनी सहा वर्षं सगळ्यांना तिथेच लावून दिली होती. पण जाळं पायांवरच आवळलं होतं. पोटरीपर्यंत हात जाईना.

कुणी ताईंना एक शब्द बोललं नाही. नजीरभाई तर दुसऱ्या दिवशी हसतखेळत आले. पण ताईंनी त्या दिवशी आठही जॅकेटांसोबतच्या आठ सुऱ्या काढून टेबलावर ओळीत ठेवल्या आणि राऊत साहेबांना बोलावलं.

"ह्या मी आता लावणार न्हाय," त्या म्हणाल्या. "ज्याची त्याने लावायची."

"अहो ताई, म्हणजे काय? तुमचं कामच ते आहे."

"मी खाली कधी गेलेय? सहा वर्षं मी लोकांच्या जिवाची जागा ठरवतेय, इथे पंख्याखाली बसून. मला खाली जायचंय. स्वतःच्या हाताने बघायचंय, हात कुठे जातो ते. तोवर न्हाय."

साहेब वाईट नव्हते, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागायचं. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला पोहायला येत नाही." ताई म्हणाल्या, "न्हाय येत." साहेबांनी कपाळ चोळलं. शेवटी ठरलं ते असं: पावसाळ्यात कामं बंदच असतात, दसऱ्यानंतर परत सुरू होतात. तोवर ताईंनी मेडिकल करून, शिकून, खाली जाऊन यायचं. जमलं तर सामानाची खोली त्यांची. नाही जमलं तर साहेब दुसरं माणूस आणणार, जे सुरी लावताना प्रश्न विचारणार नाही. ताईंनी एका शब्दात हो म्हटलं. साहेब गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी दे रे." ती खोली गेली तर ही बाई जगेल कशी, असा विचार माझ्या मनात आला आणि मला खरंच वाईट वाटलं.

पण वाईट वाटून घ्यायला त्यांनी वेळ कुठे दिला. त्याच रविवारी त्या रेवदंड्याला नणंदेकडे गेल्या आणि सोमवारी आल्या त्या पेटलेल्याच. चहा न घेता मला सामानाच्या खोलीत ओढून नेलं.

"मासळीबाजारात उभी होते," त्या म्हणाल्या. "दीड तास."

दीड तास त्या एका कोळणीकडे टक लावून बघत होत्या. ती मासे विकत होती, गिऱ्हाइकाशी भांडत होती, मांजर हाकलत होती, आणि मधेच तिचा हात कमरेला जायचा आणि छोटी सुरी घेऊन यायचा. मान खाली नाही, नजर खाली नाही. सुट्टे पैसे डाव्या बाजूला, सुरी पोटावर, मोबाईल वर चोळीत. शेवटी त्या कोळणीनेच विचारलं.

"काय गो बाय, म्हावरं घ्यायचं हाय का नुसती माझी कंबर बघतेस?"

"तू न बघता सुरी कशी काढतेस?" ताईंनी विचारलं.

"बघायला येळ कोनाला हाय? तोंडाशी गिऱ्हाईक, टोपलीशी मांजर."

"आणि उजव्या हातात मासा असला तर?"

"मग डाव्याने. पोटावर दोन्ही हात येतात."

हे सांगताना ताई उठून उभ्या राहिल्या आणि माझ्यासमोर पुन्हा पुन्हा करून दाखवू लागल्या. उजवा हात पोटावर. डावा हात पोटावर. "बघितलंस? दोन्ही येतात. पायाला जाळं असूदे, हाताला असूदे, एक तरी येतो. सहा वर्षं मी पुस्तकातलं चित्र बघत बसले. ही बाई इथे रोज बसते." त्या कोळणीकडून त्यांनी उपकाराची फेड म्हणून दोन वाटे बोंबील घेतले होते आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून संपवले.

सुरी पोटावरच्या पट्ट्याला, हे त्यांनी डोक्यात ठरवलं. पण डोक्यात ठरवून लावायचं नाही ही त्यांचीच अट. म्हणून शिकणं सुरू झालं.

नजीरभाईंकडे शिकवायचं सर्टिफिकेट होतं. खाडीच्या उतारावर, गुडघाभर पाण्यात, पंजाबी ड्रेस घालून, कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधून ताई पोहायला शिकल्या. जेट्टीवर बायकामुलं जमायची. कुणी सल्ला द्यायचं, कुणी टाळ्या. ताई नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बाहेर यायच्या, पहिल्यांदा कॅनची गाठ तपासायच्या, आणि परत आत. पुढे पावसाने खाडी उधाणली तेव्हा नजीरभाईंनी ओळखीच्या एका रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव मिळवला, पाहुणे उठायच्या आतला तास. तिथे सिलिंडरसकट. नजीरभाईंनी जॅकेटवर एकही वस्तू लावू दिली नाही. "आधी श्वास, ताई. सामान नंतर." काचेच्या मास्कमध्ये पाणी शिरलं की ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं असतं. त्यातच ताईंचं घोडं अडलं. पाणी शिरलं की त्यांना शिंक यायची. पाण्याखाली शिंक देणारी बाई नजीरभाईंनी पहिल्यांदाच बघितली. तीन आठवडे शिंका चालल्या. चौथ्या आठवड्यात नजीरभाई मला म्हणाले, "आज काय बघितलं, सांगू? ताई तळाला मांडी घालून बसल्या होत्या. घरी निवडायला बसतात तशा."

काळ्या रबरी सुटाचा प्रश्न आला तेव्हा मी जरा घाबरून होतो. अंगाला घट्ट चिकटणारा तो सूट, आणि ताई आयुष्यभर साडीतल्या. सूट घालायला खोलीत गेलेल्या ताई आतून म्हणाल्या, "वरून कुर्ता घालते." मग एक मिनिटाने आतूनच आवाज आला, "न्हाय. कुर्ता लोंबेल." आणि बाई सूट घालून ताठ मानेने बाहेर आल्या.

आता मला ती गोष्ट सांगायचीय जी ताईंनी कधीच लपवली नाही, उलट नव्या डायव्हरांना आपणहून सांगतात.

पितृपक्ष होता, पाणी जरा शांत झालेलं. खाडीतला पहिला दिवस. उताराशीच, फार तर पुरुषभर पाणी. नजीरभाई म्हणाले, आज तुमच्या हाताने जॅकेट तयार करा. ताई खोलीत गेल्या, दार लावून घेतलं, आणि पाऊण तासाने बाहेर आल्या तेव्हा आम्हाला त्या दिसायच्या आधी ऐकू आल्या. खणखण, टणटण. लोंबणारं काही ठेवायचं नाही म्हणणाऱ्या ताईंच्या अंगावर अकरा वस्तू होत्या. सुऱ्या तीन. टॉर्च दोन. शिट्या दोन, एक गळ्यात आणि एक मनगटाला. शिवणाची कात्री. लिहायची पाटी. गुंडाळीची दोरी. आणि प्लास्टिकच्या बंद पाकिटात आधार कार्डाची झेरॉक्स.

"हे कशाला?" मी पाकिटाकडे बोट दाखवलं.

"सापडले तर ओळख पटायला नको?"

नजीरभाईंनी त्यांना तसंच उतरू दिलं. मुद्दामच, हे मला नंतर कळलं. ताई पाण्यात उतरल्या आणि धोंड्यासारख्या खाली गेल्या. दोरी माझ्या हातात होती. हिसका येईना. जी काय हालचाल जाणवत होती ती नुसती ओढाताण. दोन मिनिटांत नजीरभाईंनी त्यांना काखेत धरून वर आणलं. एका टॉर्चचा हूक दोरीत अडकला होता, कात्री जॅकेटच्या पट्ट्यात शिरली होती, आणि हवा सोडायचं बटण दुसऱ्या टॉर्चखाली गायब झालं होतं.

ताई उताराच्या पायरीवर बसल्या. केसांतून पाणी गळत होतं. एकेक वस्तू काढून त्या मांडीवर ठेवू लागल्या.

"हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला खोलीत पाय ठेवू दिला नसता," त्या म्हणाल्या. "मला एवढी भीती वाटत होती, नजीरभाई. जे जे आठवलं ते अडकवलं. घरी रात्रभर हेच आठवत होते."

"सगळ्यांनाच वाटते, ताई."

"मग कुणी बोलत का न्हाय?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्या उठल्या आणि दुसऱ्या दिवसापासून, कामं अजून बंद असली तरी, एकेका डायव्हरला बोलावून विचारायला लागल्या. ओल्या टॉवेलच्या परीक्षेआधी हा नवा प्रश्न आला. बाकावर बसलेल्या आडदांड माणसाला ठेंगणी बाई विचारायची, "खाली तुला कशाची भीती वाटते? खरं सांग." पहिल्यांदा सगळे हसले. मग एकाने सांगितलं, काळोखाची, म्हणून टॉर्च दोन मागतो, जरी काही दिसत नसलं तरी. एकाने सांगितलं, हवा संपायची, म्हणून दर मिनिटाला गेज चाचपतो. ताई ऐकून घ्यायच्या आणि मग त्याच्या जॅकेटवरची एखादी वस्तू काढून टाकायच्या किंवा वीतभर सरकवायच्या.

नजीरभाईंना विचारलं तेव्हा मी तिथेच होतो.

"जाळ्याची," ताईंनीच उत्तर सुचवलं.

"न्हाय," नजीरभाई म्हणाले. "जाळ्यात असताना वाटलं, वर दोरीवर कुणी नसेल. चहा प्यायला गेला असेल. त्याची वाटते, अजून वाटते."

माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पण माझे कान तापले. मी चहा प्यायला गेलो नव्हतो. तरी तापले. ताईंनी नजीरभाईंच्या जॅकेटवरचा जादा टॉर्च काढला आणि दोरीची कडी मागून पुढे आणली, डावा हात सहज पडेल अशी, म्हणजे दोरी ताणलेली आहे हे बोटांना सतत कळावं. आणि मला म्हणाल्या, "ह्यांनी एक हिसका दिला की तू पण एक द्यायचा. आपण आहोत हे कळू दे त्यांना." असा साधा नियम पुस्तकातही असेल कदाचित. आमच्या जेट्टीवर तोवर तो कुणी पाळला नव्हता.

दसरा झाला. साहेबांनी दिवस ठरवला. योगायोग असा की तो माझा कंपनीतला शेवटचा दिवस. उरणला मला चांगलं काम मिळालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. तीनची फेरीबोट पकडून मी खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणार होतो, पण दोरी मीच धरणार हे मी साहेबांना आधीच सांगून टाकलं होतं.

काम काय, तर नजीरभाईंनी आदल्या दिवशी जेट्टीच्या एका खांबाला जुनं जाळं बांधून ठेवलं होतं. ताईंनी दोरीने खाली जायचं, काळोखात ते जाळं मुद्दाम पायांना गुंडाळून घ्यायचं, आणि सुरी काढून स्वतःला सोडवायचं. नजीरभाई शेजारी, त्यांचा एक हात ताईंच्या सिलिंडरवर, पण मदत करायची नाही. ताईंच्या जॅकेटवर पाच वस्तू, एक जास्त नाही. सुरी पोटावरच्या पट्ट्याला, कोळणीच्या कमरेवर होती तिथेच.

साहेब आले. आठही डायव्हर आले. ताईंचे यजमान तळ्याहून सकाळच्या एसटीने आले होते, ते चप्पल काढून जेट्टीच्या कडेला उभे राहिले, देवळात राहावं तसे. ताईंनी बाकावर बसून तोंडावर ओला टॉवेल टाकायला सांगितला. परीक्षा नजीरभाईंनी घेतली. पाचापैकी पाच. मग त्यांनी माझ्या हातातल्या दोरीची गाठ एकदा तपासली, आणि पाण्यात गेल्या.

पहिले बुडबुडे. मग एक हिसका. मी एक परत दिला. दोरी हळूहळू हातातून सरकत होती, एक मीटर, दोन, चार, पाच, आणि थांबली. मग काहीच नाही. बुडबुडे येत होते, भराभर, म्हणजे श्वास जोरात चालला होता. दोरीला बारीक थरथर होती, मासा गळाला लागावा तशी. ती वाढली. एक धक्का बसला. मग पुन्हा शांत. साहेबांनी घड्याळ बघितलं. यजमानांनी डोळे मिटले. मी मनात मोजत होतो, एक, दोन, तीन हिसके आले तर काय, चार आले तर काय. नजीरभाई खाली होते, काही झालं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी दोरीचा विळखा मनगटाला घेतला.

आणि एक हिसका आला. स्पष्ट, ठसठशीत. मी परत दिला. जेट्टीवर कुणीतरी शिटी मारली आणि डायव्हरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. यजमान चप्पल शोधायला लागले.

ताई वर आल्या. मास्क काढला. हातात कापलेल्या जाळ्याचा तुकडा होता, पण तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. चेहऱ्यावर आनंद शोधायला गेलो तर तिथे कपाळावर आठ्या. पाण्यातच, शिडीला धरून, त्या नजीरभाईंना म्हणाल्या, "जॅकेट वर चढतं."

"काय?"

"पाण्यात गेलं, फुगलं, की जॅकेट वर चढतं. चार बोटं. माझा हात पोटावर गेला, सुरी तिथे न्हायच. ती वर छातीशी. मग शोधावी लागली." त्यांनी शिडीवरून चार बोटं हवेत धरून दाखवली. "तुम्हाला माहीत होतं?"

नजीरभाईंनी जरा विचार केला. "हात आपोआप वर जायचा असेल, ताई. आम्ही कधी मोजलं न्हाय."

"म्हणजे सहा वर्षं मी जे जे लावलं ते खाली गेल्यावर चार बोटं वर होतं. शिटी, गेज, सगळं. आणि तुमचे हात ते मुकाट सांभाळून घेत होते."

साहेब पुढे झाले. "ताई, पास. अभिनंदन. खोली तुमची." ताईंनी "बरं" म्हटलं, जसं कुणी पत्ता सांगितल्यावर म्हणतं. मग शिडी चढून, पायातले रबरी फ्लिपर काढून, अनवाणी पायांनी सामानाच्या खोलीकडे चालू लागल्या. यजमानांनी टॉवेल पुढे केला, तो त्यांनी खांद्यावर घेतला आणि विसरल्या.

मला तीनची बोट होती. आवरून, सगळ्यांना भेटून मी खोलीत गेलो तर ताई तिथे नव्हत्या, आणि आठही खुंट्या रिकाम्या. मी धावत बोट गाठली.

तेव्हापासून तीन वर्षं झाली. फोनवर बोलणं होतं. पण डोळ्यांनी त्यांना बघितलं ते त्या दिवशी, फेरीबोटीच्या कठड्यावरून, शेवटचं. बोट सुटली होती, जेट्टी मागे सरत होती. आणि जेट्टीच्या मध्यावर, भर उन्हात, ओल्या काळ्या सुटात जाधवताई मांडी घालून बसल्या होत्या. सभोवती आठ जॅकेटं पसरलेली. दातांत दोरा, हातात उसवायची कात्री, आणि पहिल्या जॅकेटच्या पट्ट्यावर चार बोटं आडवी ठेवून त्या खाली खूण करत होत्या. यजमान शेजारी पिनांचा डबा धरून उभे. मी जोरजोरात हात हलवला, हाक मारली. त्यांनी वर बघितलं. पण दोन्ही हात कामात होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली आणि परत शिवण उसवायला घेतली.